लाथाळ गाय ठेवायची की काढायची?

दूध काढताना गाय लाथ झाडू लागली, तर आधी तिच्या स्वभावावर नको, कासेवर संशय घ्या. सड चिरलेत का, एखादा गरम-कडक लागतो का ते पाहा. पहिल्या धारा काळ्या फडक्यावर घ्या. गाठी दिसल्या तर कासदाह समजून डॉक्टरांना बोलवा. गोव्यात सत्तरी-सांग्याकडे पावसात गोठ्याची जमीन महिनोन्‌महिने सुकत नाही, तेव्हा ही दुखणी हमखास. निम्म्या ‘खोडकर’ गाई अशा दुखऱ्याच असतात, असं माझं मत.

पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली गाय असेल तर महिनाभर रोज त्याच माणसाने, त्याच वेळी, खुराक पुढे ठेवून धार काढावी. काठी नको, घाबरलेली गाय पान्हाच चोरते.

माणसावर शिंगं रोखून धावणारीला मात्र मी दुसरी संधी देत नाही. घरात पोरं आहेत. तोच सड वारंवार बिघडत असेल किंवा तीन-चार रेतनं फुकट गेली असतील, तर तपासणी करून निर्णय घ्या. श्वेत कपिला या गोव्याच्या देशी गाईला जर्सीच्या मापाने तोलू नका. दूध कमी, पण खर्चही कमी. गाभ टाकलेली गाय ब्रुसेलाची चाचणी केल्याशिवाय विकू नका, हा रोग माणसालाही होतो.

गोव्यात 1978 च्या कायद्याने गोहत्येला बंदी आहे. म्हणजे काढायची तर खोड सांगून विकायची, नाहीतर गोशाळेत द्यायची. दावं सोडून हायवेवर हाकलायची नाही. रात्री स्कूटरवाला तिच्यावरच आदळतो.