फ्रेंचच्या प्राध्यापकीकडे वळणाऱ्यांसाठी

फ्रेंचमध्ये एम.ए. करायचंय असं सांगत कुणी आलं की मी आधी विचारते, कादंबऱ्या वाचता का? उत्तर बहुधा डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेचं येतं: बी-टू पातळी झालीय, गुण चांगले पडलेत. छानच. पण बी-टूपर्यंत बोलायला, पत्र लिहायला, मत मांडायला शिकवतात. एकोणिसाव्या शतकातला कादंबरीकार बाल्झाक उघडला की पहिल्या काही पानांतच पासे सँप्ल भेटतो. हा भूतकाळ आज बोलताना कुणी वापरत नाही, पण जुनी कादंबरी त्याच्याशिवाय हलत नाही. एम.ए.च्या पहिल्या वर्षी भले भले इथे दमतात. म्हणून प्रवेशाआधीच्या सुट्टीत मोपासाँच्या कथा घ्या. छोट्या आहेत, संपतात. आणि दर शब्दाला कोश उघडू नका.

कुठे शिकायचं? पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विदेशी भाषा विभाग, मुंबईत विद्यापीठाचं कलिना संकुल, हैदराबादेत इफ्लू म्हणजे इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ, दिल्लीत जेएनयू. फ्रेंच साहित्य म्हणजे फक्त पॅरिस नव्हे, हे मात्र लवकर कळलेलं बरं. सेनेगलचा सेंगोर, मार्टिनिकचा सेझेर, मॉरिशसची आनंदा देवी. मला तर हेच लेखन जास्त जवळचं वाटतं. राज्यकर्त्यांच्या भाषेत लिहायचं आणि त्यांनाच जाब विचारायचा, ही गोष्ट आपल्या वर्गाला फार समजावून सांगावी लागत नाही.

आता नोकरी. एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा हवीच. यूजीसीच्या 2023 च्या नियमबदलानंतर सहायक प्राध्यापकाच्या पहिल्या नेमणुकीला पीएच.डी. सक्तीची राहिलेली नाही. कायम पदाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं. पण पदं मोजकी. मधली वर्षं तासिका तत्त्वावर जातात: तास घेतला तर पैसे, सुट्टीत शून्य. मग संध्याकाळी खासगी वर्ग, शनिवार-रविवारी भाषांतरं. घरी हे आधीच मोकळेपणानं सांगून ठेवा.

शिवाय साहित्य शिकवायची हौस असली तरी वाट्याला येतात अकरावी-बारावीचे वर्ग. बरीच मुलं गुणांसाठीच फ्रेंच घेतात. त्यात त्यांचं काही चुकत नाही. धोका आपल्याला असतो. 'माझं नाव अमुक, मी पुण्यात राहतो' हे वर्षानुवर्षं शिकवता शिकवता आपलंच फ्रेंच तेवढ्यावर येऊन बसतं. रोज तासभर तरी आपल्या पातळीचं वाचन आणि रेडिओ ऐकणं सोडू नका. एम.ए.नंतर फ्रान्समधल्या शाळांत इंग्रजीचे सहायक म्हणून जाण्याची योजना असते, तिच्यासाठी जरूर अर्ज करा. त्या काही महिन्यांत जीभ जशी सुटते तशी इथल्या वर्गात सुटत नाही.

पीएच.डी. करणार असाल तर विषय असा शोधा की मराठी येणं हे तुमचं भांडवल ठरेल. प्रूस्तसारख्या नामवंत कादंबरीकारावर लिहायला जगभर माणसं बसली आहेत. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला, तो 1920 मध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून वाचणारे किती निघतील? पोर्तुगीजवाल्यांसमोर तर पांडुरंग पिसुर्लेकरांचं उदाहरणच आहे: गोव्याच्या दफ्तरखान्यातले कागद वाचून त्यांनी पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास उभा केला. अशा विषयाला भाषा विभागात मार्गदर्शक सहज मिळत नाही; इतिहास आणि मराठी विभागांतही विचारून पाहा.