पासवर्डची साठवण बदलायची आहे? आधी जुने बॅकअप शोधा

प्लांटच्या शटडाउनची, म्हणजे देखभालीसाठी काम बंद ठेवण्याची, तारीख ठरली की सगळ्यांचं लक्ष सॉफ्टवेअरच्या अपग्रेडकडे जातं. तिकडे नंतर वळा. आधी जुन्या डेटाबेसच्या प्रती शोधा. मागच्या वेळी मी नेमकं हेच विसरलो. प्लांटमधल्या नेटवर्क स्विचांवर (यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणांवर) लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही नव्या आवृत्तीवर नेलं, पासवर्ड आता व्यवस्थित साठवले जातात हे तपासलं आणि काम बंद केलं. पुढे तपासणीला आलेल्या माणसाला सामायिक फोल्डरमध्ये जुन्या डेटाबेसची झिप सापडली. दुपारपर्यंत बहुतेक स्विचांचे पासवर्ड त्याच्या वहीत होते, आणि ते सगळे चालत होते. आम्ही साठवण बदलली होती, पासवर्ड तेच ठेवले होते.

म्हणून कागद घ्या आणि प्रती कुठे कुठे आहेत ते लिहा. रात्रीचा बॅकअप, व्हर्च्युअल मशीनचे स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या जशाच्या तशा प्रती), राखीव सर्व्हर, इंजिनिअरिंगचा लॅपटॉप, कपाटातला पेन ड्राइव्ह, बदलून बाजूला ठेवलेली हार्ड डिस्क, व्हेंडरला तक्रारीबरोबर पाठवलेली प्रोजेक्ट फाइल. शिफ्टमधल्या जुन्या लोकांना विचारा, कारण कुणी कधी कशाची कॉपी काढून ठेवली हे कागदोपत्री नसतं, त्यांच्या लक्षात असतं. ही यादी पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता साठवण. इथे दोन प्रकारचे पासवर्ड असतात आणि लोक ते एकाच पिशवीत घालतात. ऑपरेटर लॉगिन करतो तो पासवर्ड सॉफ्टवेअरला फक्त पडताळायचा असतो, त्यामुळे त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेला पण उलटा न फिरणारा ठसा, पुरतो. स्विचमध्ये शिरण्यासाठी सॉफ्टवेअर स्वतः वापरतं तो पासवर्ड मात्र त्याला मूळ रूपात परत लागतो. तो हॅश करता येत नाही, कुलूपबंदच (एन्क्रिप्ट करूनच) ठेवावा लागतो, आणि मग सगळा भार किल्लीवर येतो. ती किल्ली प्रोग्रॅममध्येच कोरलेली असेल तर प्रत्येक प्लांटमध्ये तीच असणार, आणि ज्याच्या हाती इन्स्टॉलर आहे त्याच्या हाती किल्लीही आहे. आमची झिप अशीच उघडली. २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने सीमेन्सच्या विनसीसी या प्लांट चालवायच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसचा असाच कोरलेला पासवर्ड वापरला होता, आणि तो बदलला तर प्लांटचं काम अडेल म्हणून ग्राहकांना तो बदलू नका असं सांगावं लागलं होतं. तेव्हा व्हेंडरला सरळ विचारा: किल्ली कुठे राहते, प्रत्येक ठिकाणी वेगळी आहे का, आणि आम्हाला ती बदलता येते का? उत्तर लेखी घ्या. ‘पासवर्ड एन्क्रिप्टेड आहेत’ हे उत्तर नाही.

ऑपरेटरांच्या पासवर्डची परीक्षा पाच मिनिटांची आहे. एकच पासवर्ड देऊन दोन चाचणी खाती उघडा आणि डेटाबेसमधला तक्ता पाहा. दोन्हीकडे हुबेहूब तीच अक्षरं दिसली तर सॉल्ट, म्हणजे हॅश करण्याआधी प्रत्येक पासवर्डला जोडायचा वेगळा यादृच्छिक तुकडा, वापरलेला नाही. सॉल्टची कल्पना युनिक्सच्या संदर्भात १९७९ सालीच छापून आली होती, त्यामुळे इथे कसलीही सबब ऐकू नका. १६ आकडी पद्धतीतली (० ते ९ आणि a ते f) ३२ अक्षरं दिसली तर बहुधा एमडी५, ४० दिसली तर एसएचए-१. हे दोन्ही जुने हॅश फार वेगाने मोजता येतात, आणि अंदाज लावत बसणाऱ्याला तेच हवं असतं. हवेत ते मुद्दाम संथ केलेले: १९९९ सालचा बीक्रिप्ट, २०१५ साली पासवर्ड हॅशिंगची स्पर्धा जिंकलेला अर्गॉन२, किंवा पीबीकेडीएफ२. पीबीकेडीएफ२ एसएचए-२५६ बरोबर असेल तर ओवॅस्प या सॉफ्टवेअर सुरक्षेच्या संस्थेची शिफारस ६,००,००० फेऱ्यांची (हॅश तितक्या वेळा फिरवण्याची) आहे. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा १,००० सापडला तर दचकू नका, पण तसाच सोडूही नका. बीक्रिप्ट पहिले ७२ बाइटच विचारात घेतो, हे लांबलचक पासवर्ड ठेवणाऱ्यांना सांगून ठेवा.

संथपणाची चाचणी प्लांटमधल्या सगळ्यात जुन्या मशीनवर घ्या, आपल्या नव्या लॅपटॉपवर नाही. अलार्म वाजत असताना ऑपरेटर लॉगिनच्या पडद्यासमोर ताटकळत उभा राहिला तर तो दुसऱ्या दिवशी पासवर्ड मॉनिटरला चिकटवून मोकळा होईल, आणि मी त्याला दोष देणार नाही.

जुन्या हॅशवरून मूळ पासवर्ड थेट काढता येत नाही, त्यामुळे मूळ पासवर्डचा नवा हॅश माणूस पुढच्या वेळी लॉगिन करेल तेव्हाच तयार होतो. जो दोन वर्षं फिरकलाच नाही त्याचा जुना हॅश तसाच पडून राहतो. तारीख ठरवा आणि अशी खाती बंद करा.

स्विचांच्या कॉन्फिगरेशन फाइलीही हेच सॉफ्टवेअर रोज गोळा करतं, हे विसरू नका. सिस्को कंपनीच्या उपकरणांच्या फाइलीत पासवर्डचा प्रकार ‘टाइप ७’ दिसला तर तो उघडाच समजा, क्षणात उलटा फिरवता येतो. तिथे टाइप ८ किंवा ९ (संथ हॅशचे प्रकार) हवा. स्विचांची माहिती विचारायला एसएनएमपी या प्रोटोकॉलची २सी आवृत्ती असेल तर कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे तिचा पासवर्डच, तारेवरून उघडीच जाते, साठवण कितीही सुधारली तरी. तिसऱ्या आवृत्तीवर जा, आणि त्यातही ऑथेंटिकेशन आणि एन्क्रिप्शन दोन्ही चालू ठेवा.

मग पुन्हा बॅकअप. क्रम चुकवू नका: आधी साठवण बदला, मग स्विच, राउटर, पॅनेल सगळीकडचे पासवर्ड बदला, मग ताजा बॅकअप घ्या, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून पाहा, आणि त्यानंतरच जुन्या प्रती नष्ट करा. माघार घ्यावी लागली तर म्हणून एखादी जुनी प्रत ठेवायचीच असेल तर ती एन्क्रिप्ट करून कुलपात ठेवा, वर नाव आणि नष्ट करायची तारीख लिहा. ती परत चढवली तर तिच्याबरोबर जुने पासवर्डही परत येतील, सॉफ्टवेअर चुकीच्या पासवर्डने स्विचांवर धडका देत राहील आणि खाती लॉक होतील. बॅकअप नष्ट झाले तरी जे आधीच कुणाकडे गेले आहेत ते परत येत नाहीत, म्हणून पासवर्ड बदलणं टाळता येत नाही. एकही नाही.

बाकीचं थोडक्यात. सर्व्हिस अकाउंटची, म्हणजे माणसं नाही तर प्रोग्रॅम वापरतात त्या खात्यांची, यादी करा. डीबग लॉगमध्ये (दोष शोधायच्या नोंदींत) पासवर्ड उमटतात का पाहा. आणीबाणीचं खातं सीलबंद पाकिटात ठेवा. रात्रपाळीला आधी कळवा. चाचणी खाती काढून टाका. व्हेंडरकडे गेलेली फाइल पुसल्याचं लेखी मागवा. आणि प्लांट चालू झाल्यावर आठवड्याभराने सामायिक फोल्डरमध्ये जुन्या आवृत्तीच्या नावाने पुन्हा एकदा शोध घ्या. आमची झिप तिथेच होती.