मॅट लिपस्टिक फुटू नये म्हणून

शेड मनगटावर नव्हे, बोटाच्या टोकावर लावून दिवसाउजेडी पाहा. तिथली त्वचा रंगाने ओठांच्या जास्त जवळची असते.

मॅटमध्ये तेलकटपणा कमी, रंगद्रव्य जास्त. त्यामुळे कोरड्या ओठांच्या सालपटांत रंग साचतो. आधी ओल्या मऊ कापडाने ओठ हलकेच पुसा, लिप बाम लावा आणि 10 मिनिटांनी टिश्यूने नीट टिपून घ्या. बाम उरला तर रंग घसरतो. लायनरने वरच्या ओठाची खाच आणि खालचा मध्य आखून कोपऱ्यांपर्यंत जोडा.

लिक्विड मॅटचा एकच पातळ थर द्या. सुकेपर्यंत ओठ एकमेकांवर घासू नका, हे खरंच महत्त्वाचं! पापुद्रे बहुतेकदा जाड दुसऱ्या थरामुळेच निघतात. तर्रीदार रस्सा खाल्ल्यावर मध्यभागचा रंग जातोच. तेल टिपून फक्त तेवढ्याच जागी पुन्हा लावा.