जुनं खोकं, नवं खोकं: पेडलांची तुलना करताना कान फसू नये म्हणून

मागच्या मे महिन्यात एक पोरगा पिशवीत गिटारची दोन पेडलं (गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायची, आवाज बदलणारी खोकी) घालून माझ्याकडे आला. एक आयबानेझ कंपनीचं टीएस९, म्हणजे 'ट्यूब स्क्रीमर' नावाचं, सूर थोडा फोडून जाड करणारं ओव्हरड्राइव्ह पेडल, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं, त्याच्या मामांनी बहरीनहून आणलेलं. कडेचा हिरवा रंग उडालेला, बॅटरीचं झाकण सेलोटेपनं धरून ठेवलेलं. दुसरं नवंकोरं बुटीक, म्हणजे छोट्या कारागिरानं बनवलेलं पेडल, 'अस्सल ८०८ चा आवाज' (टीएस८०८ म्हणजे ट्यूब स्क्रीमरचं आधीचं मॉडेल) म्हणून वर्षभराची शिल्लक घालून घेतलेलं. म्हणाला, "काका, जुनंच भारी वाजतंय. पैसे पाण्यात गेले का माझे?"

नागपुरात वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी त्याच टेबलावर वाढलो आणि पुढे वीस वर्षं ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. त्यामुळे असे पोरगे माझ्याकडे येतात. दरवेळी तेच सांगावं लागतं, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

त्याच्या दोन्ही पेडलांचे नॉब मी आधी पाहिले. सगळे बारा वाजता, म्हणजे मधोमध. त्याला वाटत होतं, झाली की तुलना समान. फोनवर टोन जनरेटरचं ॲप असतं, त्यातून २२० हर्ट्झचा सूर काढला, हेडफोनच्या भोकातून पेडलमध्ये सोडला आणि आउटपुटला मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावला. जुनं ०.३१, नवं ०.२४. म्हणजे जुनं पेडल दोन डीबीहून (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) थोडं जास्त मोठं वाजत होतं. एवढा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही. 'भरदार', 'जिवंत', 'खरा' म्हणून कळतो. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे.

तेव्हा पहिलं काम: आवाजाची पातळी जुळवा. मीटर नसेल तर फोनवरचं आवाज मोजायचं ॲप चालेल, फक्त फोन ॲम्पसमोर एकाच जागी ठेवा, हातात धरू नका. साधं मीटर बिघडलेल्या, म्हणजे क्लिप झालेल्या, टोक कापलेल्या लहरीला थोडं चुकतं, पण दोन सारख्या पेडलांत चूकही सारखीच होते. आपलं काम भागतं.

पातळी जुळवली आणि मग पोराला भिंतीकडे तोंड करून बसवलं. लूपरमध्ये (वाजवलेलं भरून घेऊन परत परत वाजवणारं यंत्र) त्याचाच एक तुकडा भरून ठेवला होता, म्हणजे हात बदलायचा प्रश्न नाही. मी नाणं उडवून एकेक पेडल लावत गेलो. जुनं कोणतं हे त्यानं दहापैकी सहा वेळा ओळखलं. नाणं उडवूनही जवळपास तेवढंच आलं असतं. मग माझी पाळी. मी पहिल्याच फटक्यात नव्याला जुनं म्हणालो, तेही मोठ्या आत्मविश्वासानं. बायको स्वयंपाकघरातून हसली.

आता नॉबचं. जुळवायचं ते कानानं किंवा मीटरनं, घड्याळाच्या काट्यानं नाही. ट्यूब स्क्रीमरच्या ड्राइव्ह नॉबखालचा पॉट, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टर, ५०० किलोओहमचा असतो. त्याला ५१ किलोओहम जोडलेले आणि खाली जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, ४.७ किलोओहम. पूर्ण चढवल्यावर गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, येतो ११८ पट. पण पॉट म्हणजे काही सोनाराचा काटा नाही, वीस टक्के इकडेतिकडे असतोच. ४०० चा निघाला तर गेन ९७, ६०० चा निघाला तर १४०. एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी निघालेल्या दोन पेडलांत तीन डीबीचा फरक इथेच पडू शकतो. त्याला कुणी 'जपानी जादू' म्हणतं, कुणी 'हातानं घडवलेलं' म्हणतं.

शिवाय पोराची जोडीच चुकली होती. टीएस८०८ आणि टीएस९ ची सर्किटं जवळजवळ एकच, फरक शेवटच्या दोन रेझिस्टरांत. ८०८ मध्ये आउटपुटला १०० ओहम आणि जमिनीकडे १० किलोओहम, टीएस९ मध्ये ४७० ओहम आणि १०० किलोओहम. नव्या खोक्यावर ८०८ लिहिलेलं असेल तर टीएस९ शी तुलना करून त्याला खोटं ठरवू नका. झाकण उघडा आणि हे दोन रेझिस्टर बघा, रंगाच्या पट्ट्या वाचता येत असतील तर दोन मिनिटांचं काम.

आणि आतली ती आयसी, म्हणजे सिग्नल वाढवणारी चिप. जेआरसी ४५५८डी या नावानं लोक अगरबत्ती लावायचे बाकी आहेत. तुम्हाला गंमत सांगतो, आपल्याकडे गल्लोगल्ली जे असेंबल केलेले ॲम्प्लिफायर मिळतात, त्यांच्या बास-ट्रेबलच्या बोर्डावर ४५५८ च असते. मी एका पेडलमध्ये सॉकेट बसवून चार कंपन्यांच्या ४५५८ बदलून पाहिल्या. पातळी जुळवल्यावर मला काही फरक ऐकू आला नाही. ट्यूब स्क्रीमरचा स्वभाव दुसरीकडे आहे. क्लिपिंगचे डायोड फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुटकडून परत इनपुटकडे येणाऱ्या, वाटेत बसलेले, म्हणून मूळ सूर थोडा शाबूत राहतो, आणि ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी गेननं जातो, म्हणून बास चिखल करत नाही. घरी बारीक आवाजात हे पेडल नाकात बोलल्यासारखं वाटतं. ड्रम आणि बास सुरू झाले की त्याच नाकामुळे गिटार ऐकू येते. त्यामुळे शेवटचा कौल घरच्या खोलीत देऊ नका.

ओव्हरड्राइव्हचं एवढं पुरे. खरी परीक्षा फझची, म्हणजे सूर पार फोडून खरखरीत करणाऱ्या पेडलांची.

आर्बिटर कंपनीचं (पुढे डॅलस आर्बिटर) फझ फेस, १९६६ चं, लंडनचं. माइकच्या स्टँडच्या बुडासारखं गोल खोकं, आत दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि मूठभर भाग. पुढे सिलिकॉनचे बीसी१०८ आले, ते जास्त तिखट. जर्मेनियमची अडचण अशी की दोन तुकडे सारखे निघत नाहीत. पहिल्या ट्रान्झिस्टरचा गेन ७०-८० च्या आसपास आणि दुसऱ्याचा ११०-१३० असेल तर पेडल गातं. कारखान्यात तेव्हा अशी निवड करत बसायला वेळ कुणाला? हाताला लागेल तो लावला. म्हणून जुन्या फझ फेसांत एखादं स्वर्गीय आणि शेजारचं निव्वळ फडफडणारं. 'मूळ आवाज' म्हणून कुठला धरायचा, हा प्रश्न इथेच सुरू होतो. चांगला बुटीक कारागीर पैसे घेतो ते मुख्यतः या निवडीचे. त्यानं पन्नास ट्रान्झिस्टर मोजून दोन लावलेले असतात. तुम्ही विकत घेताना विचाराच, गेन किती आहे आणि गळती (ट्रान्झिस्टर बंद असतानाही वाहणारा करंट) किती. उत्तर आलं नाही तर पुढचं समजून घ्या.

स्वतः मोजणार असाल तर एक सापळा आहे. साध्या मल्टीमीटरमध्ये ट्रान्झिस्टर खोचायचं जे छोटं भोकांचं सॉकेट असतं, ते गळतीचा करंटसुद्धा गेन म्हणून मोजतं. वडिलांच्या डब्यात जुन्या रेडिओंतून काढलेले एसी१२८ हे जर्मेनियम ट्रान्झिस्टर पडलेले होते. त्यातला एक खोचला, मीटर म्हणालं १४०. मी खूश. दोन बोटांत धरला तर आकडा चढायला लागला, १५०, १६५, १८०. बोटाच्या उबेनं! तो गेन नव्हता, गळती होती. सोडल्यावर गार होईल तसा आकडा हळूहळू खाली आला. जो चिमटीत धरल्यावर फारसा हलत नाही, तो ठेवायचा.

आता हे आमच्या नागपुरात आणा. त्याच एसी१२८ च्या जोडीचं मी एक फझ बनवलं. सकाळी सातला गच्चीच्या खोलीत वाजवलं तर लोण्यासारखं. दुपारी दोनला तेच पेडल तुटक वाजायला लागलं, सूर मरताना थुंकल्यासारखा. मीटर लावलं. लाल दांडी चेसिसला, कारण या सर्किटात पॉझिटिव्ह जमिनीला असतो, आणि काळी दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायाला. सकाळी ४.६ व्होल्ट होते, आता ६.३. नऊच्या अर्ध्याला, साडेचारच्या आसपास, असायला हवेत. उन्हानं पहिल्या ट्रान्झिस्टरची गळती वाढली, दुसरा उपाशी राहिला. मग मी पेडल खसच्या कूलरसमोर स्टुलावर ठेवलं. अर्ध्या तासात ५ व्होल्टवर आलं आणि परत गायला लागलं. ऑर्केस्ट्रातला माझा जुना ड्रमर हे बघून म्हणाला, "बाप्पा, पेडलला कूलर, आणि मी इथं घाम गाळतोय."

तर फझची तुलना करताना दोन्ही पेडलं किमान तासभर एकाच खोलीत, एकाच हवेत राहू द्या. एक गाडीच्या डिकीतून आलेलं आणि दुसरं एसीतलं, असं असेल तर ती तुलना गाडीची आणि एसीची. आणि लूपर इथे वापरायचा नाही! फझ फेसचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे येणाऱ्या सिग्नलला होणारा अडथळा, फार कमी, तो गिटारच्या पिकअपला (तारांचा कंप पकडणारा भाग) सरळ ओढतो, त्या ओढाताणीतच त्याचा आवाज आहे. मधे लूपर किंवा दुसरं बफर (सिग्नल आपल्याकडे घेऊन पुढे पाठवणारं सर्किट) असलेलं पेडल आलं की तो संबंध तुटतो आणि चांगलं फझसुद्धा डब्यातल्या माशीसारखं वाजतं. गिटार थेट फझमध्ये. मग गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहा-सातवर आणा. चांगलं जर्मेनियम फझ तिथे घुंगरासारखं स्वच्छ होतं. दहावर सगळीच फझ एकमेकांची भावंडं वाटतात, निवाडा सातवर होतो.

वीजपुरवठ्याबद्दल दोन गोष्टी, कारण यात पेडलं जळतात. पॉझिटिव्ह ग्राउंडचं फझ बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या माळेत लावलंत की सरळ शॉर्ट. त्याला वेगळी बॅटरी द्या. दुसरी, बॉस कंपनीच्या जुन्या सीई-२ कोरसबद्दल (कोरस म्हणजे एक गिटार अनेक गिटारींसारखी वाजवणारं पेडल). १९७९ पासूनच्या त्या मॉडेलच्या बुडाला एसीए अडॅप्टर असं लिहिलेलं असेल तर ते जुन्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरसाठी होतं, आत व्होल्टेज पाडायची सोय आहे. आजचा पक्का ९ व्होल्टचा अडॅप्टर लावलात की दिवा मिणमिणतो आणि आवाज अशक्त येतो. मग शेजारचं नवं कोरस 'जास्त श्रीमंत' वाटणारच. बॅटरी घालून ऐका.

जुन्या पेडलचं वयही लक्षात घ्या. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर चाळीस वर्षांत वाळतात. मामांचं टीएस९ आज जे वाजतं, तेच बहरीनच्या दुकानात वाजत होतं याची हमी कोण देणार? आणि बदललेले भाग शोधायला भिंग लागत नाही: मूळ सोल्डरचे टाके मंद, एकसारखे असतात, नंतरचा टाका चकाकतो नाहीतर कडेला फ्लक्सचा पिवळा डाग सोडतो. विकणारा 'कधी उघडलंच नाही' म्हणत असेल आणि असा डाग दिसला, तर किमतीचं बोलणं तिथून सुरू करा.

क्लॉन सेंटॉर या ओव्हरड्राइव्ह पेडलबद्दल लोक विचारतातच. बॉस्टनकडच्या बिल फिनेगननं १९९४ पासून ती बनवली, सुमारे ८,००० नग. म्हणजे ते मुळात बुटीकच, आणि आता तेच जुनं म्हणून हजारो डॉलरला विकलं जातं. सर्किट दिसू नये म्हणून त्यानं वर इपॉक्सी ओतली होती, लोकांनी ती खरवडून नकाशा काढलाच. पुढे केटीआर नावाचं छोटं रूप काढलं, त्याच्या तोंडावरच लिहून टाकलं की हा सगळा हास्यास्पद गाजावाजा माझा नाही. मला हा माणूस आवडतो. नक्कल वापरत असाल तर एकच सांगतो: आतल्या चार्ज पंपवर व्होल्टेज आधीच वाढवलेलं असतं, हौसेनं १८ व्होल्ट देऊ नका, पंप जातो.

आणि बुटीक म्हणजे नक्कलच असं कुठे आहे? मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशनवाले स्वतःच्या डोक्यातली पेडलं बनवतात. अशा पेडलला कुठल्या जुन्या खोक्याशेजारी बसवून मार्क देण्यात अर्थ नाही.

पोराला मी दोन्ही पेडलं परत दिली. नव्याचा लेव्हल एक वाजता ठेवला, मामांच्या पेडलचे दोन फुगलेले कंडेन्सर बदलून दिले आणि जुने दोन पुडीत बांधून दिले, कुणी विचारलं तर दाखवायला. माझ्या फझमध्ये दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या ८.२ किलोओहमच्या रेझिस्टरच्या जागी २० चा ट्रिमर, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरनं फिरवायचा रेझिस्टर, बसवला आहे. बुडाच्या पत्र्याला आतून पेन्सिलनं लिहिलंय: 'डिसेंबर ८, मे १४'. एप्रिल लागला की स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो, कूलरमध्ये नवी खस भरायची असते त्याच रविवारी.