पानाफुलांच्या रसाचा प्रिंट जास्त दिवस कसा टिकवाल?

पालक, बीट किंवा फुलांच्या पाकळ्यांचा गाळलेला रस कागदावर लावून उन्हात उमटवलेल्या चित्राला अँथोटाइप म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी या पद्धतीवरचे प्रयोग 1842 मध्ये प्रसिद्ध केले. इथे ऊन रंग उडवतं आणि झाकलेला भाग गडद राहतो, म्हणून वर निगेटिव्ह (उलट्या छटांची फिल्म) नाही, पॉझिटिव्ह (मूळ चित्रासारख्याच छटांची) फिल्म किंवा सरळ एखादं पानच ठेवायचं.

खरी अडचण पुढे येते. या प्रिंटला पक्कं करणारं रसायन, म्हणजे फिक्सर, नाही. ज्या उजेडाने चित्र घडलं, तोच ते हळूहळू पुसत राहतो. यूव्ही (अतिनील किरणं) रोखणारी काच लावली तरी रंग उडणं फक्त मंदावतं, कारण साधा दृश्य प्रकाशही वनस्पतींचे रंग उडवतो. त्यामुळे प्रिंट तयार झाला की त्याच दिवशी स्कॅन करा. मूळ प्रत आम्लमुक्त कागदात गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. दमटपणा टाळाच. भिंतीवर लावायला स्कॅनची छापील प्रत पुरेशी आहे, आणि मला तरी तोच योग्य मार्ग वाटतो.

कोणता रस किती टिकतो, हे आधीच तपासता येतं. रंगवलेल्या कागदाची एक पट्टी अर्धी झाकून खिडकीत ठेवा आणि रोज पाहा. हळदीचा रंग उन्हात काही तासांत फिका पडतो; पालकाला कित्येक दिवस, कधी आठवडेही लागतात. जो उमटायला वेळ घेतो, तो उडायलाही सहसा वेळ घेतो. कागद मात्र जाड, जलरंगाचाच घ्या.