काचेवर भार सोपवताना: नव्या अभियंत्यांसाठी काही अनुभव

भारवाहक काचेचा अभ्यास सुरू करणाऱ्याला पहिला चकवा आकडेच देतात. काचेचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, सुमारे ७० गिगापास्कल, म्हणजे जवळपास ॲल्युमिनियमइतका असतो आणि दाब सोसण्यात ती काँक्रीटला कितीतरी मागे टाकते. मीही सुरुवातीला याच आकड्यांवर विसंबलो होतो. प्रत्यक्षात काच फुटते ती ताणाने, आणि तीही पृष्ठभागावरच्या किंवा कडेवरच्या सूक्ष्म ओरखड्यापासून. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० साली मांडलेली ही कारणमीमांसा आधी पक्की करावी. पोलाद तुटण्यापूर्वी वाकून ताण आजूबाजूला वाटून देते. काच तेवढी सवड देत नाही.

हे मला खऱ्या अर्थाने उमगले ते लाकडी फ्लँज (वरची आणि खालची आडवी पट्टी) आणि काचेचे वेब (मधला उभा भाग) असलेली तुळई प्रयोगशाळेत वाकवून पाहताना. खालच्या कडेला एके ठिकाणी घासकाम अपुरे राहिले होते, नख फिरवले तर खाच लागत होती, आणि पहिली चीर नेमकी तिथूनच निघाली. आलेखावरचा भार झपकन उतरला, पण तुळई कोसळली नाही: चिरेपाशी ताण खालच्या लाकडाने उचलला, दाब वरच्या फ्लँजमधून आणि काचेच्या अखंड भागातून जात राहिला आणि भार पुन्हा चढू लागला. दोन सामग्री जोडून केलेल्या अशा संयुक्त घटकाचे मर्म या दुसऱ्या चढात आहे, म्हणून नवख्याने सर्वाधिक वेळ त्यालाच द्यावा असे मला मनापासून वाटते.

यामुळेच सर्वांत बळकट काच नेहमी योग्य ठरत नाही. वाकताना साध्या अनील्ड (सावकाश थंड केलेल्या) काचेची प्रमाणित ताकद ४५, तर टफन्ड (तापवून झटकन थंड करून बळकट केलेल्या) काचेची १२० मेगापास्कल धरतात. मात्र टफन्ड काच फुटली की तिचा बारीक चुरा होतो. अनील्ड काचेचे मोठे तुकडे एकमेकांत अडकून थोडाफार भार पेलत राहतात.

चिकटद्रव्याची निवड याहून नाजूक असते. ताठर इपॉक्सी काच आणि तिला जोडलेले लाकूड किंवा ॲल्युमिनियम यांना एकजीव करते, पण ॲल्युमिनियम तापल्यावर काचेच्या अडीचपट प्रसरण पावते आणि लाकूड ओलाव्याने फुगते, तेव्हा तोच ताठरपणा काचेत नको तो ताण निर्माण करतो. सिलिकोन ही हालचाल सोसते, मात्र एकत्रित ताठरता कमी देते. लॅमिनेटेड काचेत दोन काचा चिकटवणारा पीव्हीबी या प्लास्टिकचा थरही उष्णतेने आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या भाराखाली मऊ पडतो, त्यामुळे क्षणिक वाऱ्याचे गणित कायमच्या वजनाला लावू नये.

टफन्ड काच वापरायची झाल्यास छिद्रे आणि मापे आराखड्यातच अंतिम करावीत, कारण टफनिंगनंतर ती कापता येत नाही.