पुरात बुडालेली गाडी सीटबेल्टवरून ओळखा

ओळखीतून, एजंटशिवाय जुनी गाडी घेतली की पॉलिश बघून फसायला होतं. 2019 ला सांगली-कोल्हापूर आणि 2021 ला चिपळूणला किती गाड्या पाण्यात गेल्या, आठवतंय ना? धुऊन-पुसून अशी गाडी कुठेही विकायला उभी राहू शकते.

1. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. सीट धुतात, पण गुंडाळलेला पट्टा सहसा कोणी धूत नाही. खालच्या भागात चिखलाचा डाग किंवा कुबट वास आला, तर तिथूनच रामराम करा.
2. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात गंज, गाळ बघा. सीटखालचे बोल्टही.
3. 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका' असं आधीच सांगा. पोचल्यावर बॉनेटला हात लावायचा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा धूर-आवाज लपवलाय असं समजा. (मला एकाने 'आत्ताच दूध आणायला गेलो होतो' म्हणून सांगितलं!)

आरसीवर (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि सही केलेला फॉर्म 35 (बोजा उतरवायचा अर्ज) हातात पडल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.